कोठीतले धान्य आणि भाच्याचा प्रश्न

चैत्र सरत आला की आमच्या बडोद्यात घरोघरी वर्षाच्या गव्हाची बोलणी सुरू होतात. कोणी लापशी आणि भाखरीसाठी भाल भागातला भालिया गहू आणतात, कोणाला सणोसऱ्याच्या लोकभारतीत निपजलेल्या लोक-१ ची पोळी पसंत असते. गहू आला की तो निवडायचा, वैशाखाच्या उन्हात गच्चीवर पसरून कडकडीत वाळवायचा, संध्याकाळी सावलीत निववायचा आणि मग एरंडेलाचा हात देऊन कोठीत भरायचा, हा क्रम ठरलेला. एरंडेलाला आम्ही गुजराती शेजाराच्या संगतीने दिवेलच म्हणतो. गायकवाडांच्या मागोमाग येथे स्थिरावलेल्या मराठी घरांनी येथल्या मातीकडून जे जे घेतले, त्यात गव्हाला दिवेल देण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. देशावरच्या आमच्या नातलगांना तिचे अजूनही नवल वाटते. ते कडुनिंबाचा पाला घालतात, राख घालतात; आम्ही वीस किलोंच्या मणाला शंभर ग्रॅमच्या आसपास दिवेल चोळतो.

हे सारे माझ्या दृष्टीने इतके घरगुती होते की त्याबद्दल कधी कोणी मला प्रश्न विचारील, आणि तोही अमेरिकेतून, असे स्वप्नातही आले नव्हते. परंतु दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचा दूरध्वनी आला. तो ओरेगन राज्यात पोर्टलँडला राहतो. इकडची तिकडची विचारपूस झाल्यावर जरा अडखळत म्हणाला, "मावशी, धान्याला टोके लागली आहेत. काय करू?"

मला वाटले, तांदूळ असतील किंवा कणीक असेल. पण ते होते जव, म्हणजे आपले सातू. आणि तेही मोड आणून वाळवलेले. पंचवीस किलोंचे एक पोते, आणि त्याखेरीज लहान लहान पिशव्या. "एवढ्या सातूचे करतोस काय?" असे मी विचारले, तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. मग तो म्हणाला, "घरी बिअर करतो, मावशी. छंद म्हणून. आईला सांगू नकोस."

तेथे हा प्रकार कायद्याला धरून आहे, हे त्याने घाईघाईने सांगून टाकले. अमेरिकेत १९७८ साली कायदा झाला आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून घरच्यापुरती बिअर घरी करण्यास केंद्र सरकारची मोकळीक मिळाली. दोन प्रौढ माणसांच्या घरात वर्षाला दोनशे गॅलनपर्यंत करता येते, मात्र विकता येत नाही. ज्या गुजरातेत १९६० मध्ये राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे, तेथे बसून मी हे ऐकत होते, यातली गंमत त्याच्याही ध्यानात आली असावी.

गंमत मात्र पुढच्या वाक्याने संपली. तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात माझे सासरे इकडे यायचे आहेत. गव्हात कापडात बांधून टाकतात ना, त्या गोळ्या त्यांच्याबरोबर पाठवशील का? एक टाकली की वर्षभर बघावे लागत नाही म्हणतात." पोती कोठे ठेवतोस, असे मी विचारले. मोटार ठेवण्याच्या खोलीत, असे उत्तर आले. आणि त्या खोलीच्या वर? वर त्याच्या दोन वर्षांच्या मुलीची झोपण्याची खोली.

मी त्याला म्हटले, "बाळा, बाकीचे आपण उद्या बोलू. गोळ्यांचे नाव मात्र पुन्हा काढू नकोस."

त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. दोन गोष्टी मनात घोळत होत्या, आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत असे वाटत होते. एक गोष्ट गोळीची. तीत विचार करण्यासारखे काहीच नव्हते. दुसरी गोष्ट सातूची. ती इतकी सोपी नव्हती.

मी १९७४ साली सून म्हणून या घरात आले तेव्हा आजेसासूबाई ऐंशीच्या घरात होत्या. विक्रम संवत १९५६ चा दुष्काळ, म्हणजे इंग्रजी १८९९-१९०० चा, ज्याला गुजरातेत आजही छप्पनियो म्हणतात, तो त्यांनी सहा-सात वर्षांच्या वयात पाहिला होता. रानातल्या गवताचे बी वेचून शिजवणारी माणसे त्यांना आठवत. त्यामुळे कोठीचा तळ दिसू द्यायचा नाही, हा त्यांचा दंडक होता. नवा गहू घरात येईपर्यंत जुन्यातला एक मण शिल्लक असलाच पाहिजे, असे त्या म्हणत. निवडताना जमिनीवर सांडलेला दाणा त्या स्वतः वाकून उचलीत. वाकणे होईना तेव्हा आम्हांला नावाने हाक मारून उचलायला लावीत. अशा घरातले शहाणपण बिअरसाठी राखलेल्या धान्याच्या कामी लावावे काय, हा प्रश्न मला पडला. त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हे मला नक्की ठाऊक होते. आणि ते येथे लिहिण्याजोगे नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी मी त्याला सविस्तर बोलायला सांगितले. हे मोड आणलेले सातू म्हणजे नेमके काय, ते मला आधी समजून घ्यायचे होते. तो सांगत गेला आणि मी ऐकत गेले. जव पाण्यात भिजवतात. मग पाणी काढून चार-सहा दिवस त्यांना मोड येऊ देतात. दाणा उगवू लागला की आपल्या पोटातल्या पिठुळाची साखर करण्याची सिद्धता तो करतो आणि त्यासाठी लागणारी पाचक द्रव्ये त्याच्यात तयार होतात. कोंब फार वाढण्याआधीच उष्ण हवेने दाणा वाळवतात, मुळ्या झाडून टाकतात. पाचक द्रव्ये दाण्यात तशीच निजून राहतात. पुढे तो भरडून बेताच्या गरम पाण्यात घातला की ती जागी होतात आणि पिठुळाची साखर होते. बिअर त्यानंतरची.

मी त्याला मध्येच थांबवले. म्हटले, "अरे, हे तर नाचणीचे सत्त्व!" रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळायची आणि वस्त्रगाळ करायची. त्याच्या आईला मी तेच भरवले होते आणि त्याच्या आईने त्याला. मोड आणलेल्या नाचणीची लापशी पातळ होते, बाळाला घोट घोट गिळता येते आणि तरीही तिच्यात सत्त्व अधिक मावते. त्याचे कारण हीच पाचक द्रव्ये. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात मोड आणलेली नाचणी आणि मूग यांच्या बाळांसाठीच्या पेजेवर जे काम झाले, त्याचाही आधार हाच होता. नवरात्रात घटाशी पेरलेले धान्य, गौरीव्रतात येथल्या मुली टोपलीत वाढवतात ते जवारे, आणि पोर्टलँडच्या त्या पोत्यातला दाणा, ही सगळी एकाच वाटेवरची. एक वाट बाळाच्या वाटीकडे जाते, दुसरी पेल्याकडे. दाण्याला त्याचे काय? त्याला ओल, ऊब आणि कीड यांच्यापासून राखले पाहिजे, एवढेच खरे.

बिअर काढून झाल्यावर उरणारा चोथा काय करतोस, हेही मी विचारले. शेजारी एकाने कोंबड्या पाळल्या आहेत, त्यांना घालतो. थोडा पावात मळतो, असे तो म्हणाला. म्हणजे दाणा वाया जात नाही. आजेसासूबाईंच्या न्यायासनापुढे एवढी एक बाजू तरी मांडता येईल, असे मला वाटले.

मग मी आधी गोळीचे बोलले. आपल्याकडे बाजारात ज्यांना गव्हाच्या गोळ्या म्हणतात, त्यांतल्या काही पाऱ्याच्या असतात आणि काही ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. या दुसऱ्या गोळीला हवेतली ओल लागली की तिच्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. तीन ग्रॅमची एक गोळी एक ग्रॅम वायू सोडते. त्या वायूने कीड मरते, कारण तो जिवंत असेल ते मारतो. टोक्यात आणि तान्ह्या मुलात तो भेद करीत नाही. त्यावर उतारा नाही. भिंतीच्या फटीतून, छताच्या सांध्यातून, नळांच्या भोकांतून तो एका खोलीतून दुसरीत जातो. कोणी लसणाचा वास येतो म्हणतात, कोणी सडक्या मासळीचा; पण वासाच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणूनच आपल्या देशात ही गोळी सरकारी आणि परवानाधारक तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरावी असा नियम आहे, आणि अमेरिकेतही परवान्यावाचून ती हाताळता येत नाही. विमानात सामानातून नेणे तर सरळ गुन्हा. नियम असे असूनही आमच्या भागातल्या एका दुकानदाराने मला पूर्वी एकदा गव्हाबरोबर चार गोळ्या कागदाच्या पुडीत सहज बांधून दिल्या होत्या, जणू कोथिंबिरीची जुडीच. मी त्या तेथेच परत केल्या. पाऱ्याच्या गोळ्यांचेही मला कौतुक नाही. खाण्याच्या धान्यात पारा कशाला?

हे वाचणाऱ्या भगिनींना हात जोडून सांगते: घरात झोपण्याच्या खोलीत पलंगाखाली धान्याचे डबे ठेवण्याची वेळ आता पुष्कळांवर आली आहे. जुन्या वाड्यांत कोठार वेगळे असे, माजघरापासून दूर असे. दोन खोल्यांच्या सदनिकेत तसे नाही. जे विष वखारीसाठी आहे ते पलंगाखाली आणू नये.

तो ऐकत होता. शेवटी त्याने विचारले, "मग टोक्यांचे काय?" तेव्हा मी त्याला म्हटले, "एक दाणा दाताखाली धर आणि चाव. कसा वाटतो ते सांग." सासूबाई गव्हाची परीक्षा अशीच करीत. कट्ट आवाज होऊन दाणा तुटला तर कोठीत भरायचा. नुसता दबला तर पुन्हा उन्हात. दुसऱ्या दिवशी त्याने कळवले, नवे पोते आणले तेव्हा दाणा कुरकुरीत होता, आता मऊ, कातड्यासारखा लागतो.

येथे रोगाचे मूळ सापडले. गव्हात बारा टक्क्यांपर्यंत ओलावा असला तरी तो नीट टिकतो. मोड आणून वाळवलेले सातू त्याहून कितीतरी कोरडे असतात. त्यांच्यात चार-पाच टक्केच ओलावा असतो. इतक्या कोरड्या धान्यात सोंड्याची वीण सहसा वाढत नाही. त्याला नऊ-दहा टक्के तरी ओल लागते. परंतु हे धान्य तहानलेल्या माणसासारखे असते, हवेतली ओल ते भराभर पिते. पोर्टलँडला ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत पाऊस रिपरिपत असतो. पोत्याचे तोंड नुसते मुडपून ठेवलेले. आणि पोते टेकवले होते कोठे? पाणी तापवण्याच्या यंत्राला खेटून. ओल बाहेरून, ऊब शेजारून. टोक्यांना याहून सुखाचे घर ते कोणते? सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. आतली अळी दाणा खाऊनच वाढते. उबेत महिन्या-सव्वा महिन्यात किडा बाहेर पडतो, तेव्हा कोठे आपल्याला कळते. म्हणून दिसणारे किडे पाखडून टाकल्याने भागत नाही. न दिसणारे आतच असतात.

मऊ पडलेले ते पोते कोंबड्यांना घालून टाक, असे मी सांगितले. त्याला वाईट वाटले. पण त्यातून बिअरही नीट होत नाही, हे त्याने आपल्या मंडळींकडून ऐकलेच होते. नव्या पोत्यासाठी मात्र आम्ही दोघांनी मिळून नियम ठरवले. त्यांतले निम्मे सासूबाईंचे होते, निम्मे त्याच्या पुस्तकांतले.

पहिला नियम, दिवेल नाही. गव्हावर दिवेलाचा पातळ लेप बसला की किड्यांना त्यावर अंडी घालणे अवघड जाते. गहू धुऊन किंवा पुसून दळता येतो. पण तेलाने बिअरचा फेस मरतो. निंबाच्या पाल्याचा वास आणि कडवटपणाही त्या धान्यात उतरेल. राखेच्या बारीक कणांनी किड्यांच्या अंगावरचे मेणचट आवरण खरवडले जाऊन ते सुकून मरतात हे खरे. पण सातूंना फोलपट असते, त्यातून राख काढणे कठीण.

दुसरा, ऊन नाही. हे सांगताना मला स्वतःलाच चमत्कारिक वाटले, कारण वैशाखातले ऊन हेच आमचे पहिले औषध. परंतु तेथल्या दमट दिवसांत धान्य पसरून ठेवणे म्हणजे त्याला आणखी ओल पाजणे. उन्हाचे काम तेथे थंडीने करायचे. नवे धान्य पाच-पाच किलोंच्या घट्ट पिशव्यांत भरून, बर्फाच्या कपाटात शून्याखाली अठरा अंशांत आठवडाभर ठेवले की अंडी-अळ्यांसह सारे मरते. मात्र बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीइतकी ऊब तिला येऊ द्यायची. नाहीतर थंड दाण्यांवर दंव धरते आणि केले ते सारे पाण्यात जाते.

तिसरा, तोंड घट्ट. जुन्या काळी देशावर जमिनीत पेव खणीत आणि धान्य भरून ते लिंपून बंद करीत. आतल्या धान्याच्या आणि किड्यांच्या श्वासाने प्राणवायू संपे आणि कीड गुदमरून मरे. म्हणून तर पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, आधी दिवा सोडून पाहायचा, असा दंडक होता. तो न पाळल्याने माणसे दगावली आहेत. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमधल्या शेतकऱ्यांसाठी चवळी राखण्याच्या हवाबंद पिशव्या तयार केल्या, त्यांचे तत्त्वही तेच. भाच्याने रबरी कडी असलेल्या, फिरकीच्या झाकणाच्या बादल्या आणल्या. एक मोठी घेऊ की चार लहान, असे त्याने विचारले. मी म्हटले, चार. एक उघडली तरी तिघींना हवा लागत नाही, आणि भरताना काठोकाठ भरायच्या, म्हणजे आत हवाच कमी राहते.

चौथा, लागेल तेवढेच भरडायचे. पीठ पंधरा दिवसांपलीकडे ठेवायचे नाही हा सासूबाईंचा नियम होता. दाणा अखंड असेतो त्याचे कवच त्याला सांभाळते, फुटला की तो उघड्यावर पडतो. सातूंचेही तसेच. अखंड दाणे थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी वर्षभर चांगले राहतात. भरडलेले काही आठवड्यांतच वापरावे लागतात. भाचा दुकानातून भरडूनच आणीत असे. आता त्याने दोन रुळांचे हातयंत्र घेतले आहे.

पाचवा, जुन्यात नवे मिसळायचे नाही. कोठी रिकामी झाली की आतून झाडायची, पुसायची, कोरडी करायची आणि मगच भरायची. कोपऱ्यात उरलेल्या मूठभर जुन्या दाण्यांतली कीड मणभर नव्याला खाते. बादलीवर भरल्याची तारीख घालायची आणि आधी भरलेली आधी संपवायची. हे त्याला पटकन पटले. तो संगणकाच्या क्षेत्रातला आहे, तारखांवर त्याचा विश्वास आहे.

या सगळ्याला आता दोन वर्षे होत आली. टोके पुन्हा दिसली नाहीत. बादल्या त्याने त्या यंत्रापासून दूर, घराच्या थंड बाजूला हलवल्या. बहिणीला मी काही सांगितले नाही. गेल्या दिवाळीत त्याने स्वतःच सांगितले. ती दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारले, "तू त्याला एवढे सगळे शिकवलेस, त्यापेक्षा हे सोड म्हणून का नाही सांगितलेस?" प्रश्न रास्त होता. मी तिला म्हटले, पिण्यावरून त्याला चार शब्द सांगायचे तर ते आईनेच सांगावेत. मला त्याने धान्याचे विचारले होते, मी धान्याचे सांगितले. आणि मी उत्तर दिले नसते तर त्याने ते दुसरीकडून मिळवले असते. ते उत्तर कापडात बांधलेल्या गोळीच्या रूपाने त्याच्या मुलीच्या खोलीखाली जाऊन पोहोचले असते. यावर ती काही बोलली नाही.

पिण्याबद्दलचे माझे मत बदललेले नाही. आमच्या घरात कधी कोणी घेतले नाही, यापुढेही घेणार नाही. पण दाणा राखण्याची विद्या घरातल्या कोणाला तरी हवी होती, आणि ती मागणारा माझ्या सुनांपैकी कोणी नव्हता. सुना चांगल्या आहेत. दोघी नोकरी करतात, महिन्याचे दहा किलो पीठ पिशवीतून येते, आणि त्यांच्या सदनिकांत कोठी ठेवायला जागाही नाही. त्यांना मी दोष देत नाही. माझ्यामागे आमची पत्र्याची कोठी भंगारात जाईल, हे मला दिसते आहे. ज्याच्याकडून कसलीच अपेक्षा नव्हती तो दाणा दाताखाली धरून पाहायला शिकला.

या महिन्यात त्याचा पुन्हा दूरध्वनी आला होता. त्याच्याकडे दुसरी मुलगी झाली आहे, सहा महिन्यांची होईल. सातूंसाठी घेतलेल्या यंत्रावर नाचणी भरडता येईल का, असे तो विचारीत होता. नाचणीचा दाणा फार बारीक, रुळांच्या फटीतून तो तसाच निसटेल. त्याला दुसरे यंत्र लागेल, असे मी सांगितले. मोड किती येऊ द्यायचे, सावलीत किती दिवस ठेवायची, भाजल्याचा वास कसा आला म्हणजे पुरे, हे सगळे त्याने लिहून घेतले. भिजवण्याआधी एक दाणा चावून पाहा, असे मी सांगणार होते, तेवढ्यात तोच म्हणाला, "पाहिला, मावशी. कट्ट वाजला."